कत्तलखान्यामागचा एक

सकाळचे साडेसहा. जिजिगाच्या कत्तलखान्यामागे
कावळे भिंतीवर बसलेत, उंटाच्या आतड्यांची वाट बघत.
माझ्या वहीत दोन रकाने :
एक काळ्यांचा. एक पांढऱ्या छातीच्यांचा.
येशिम्बेतबाईंनी अदिसला परतण्याआधी पट्टीनं आखून दिलेले.
आणि तिसरा, अगदी बारीक, समासाला चिकटून.
त्याला त्यांनी नाव दिलं नाही.
"तो भरायची घाई करू नकोस," म्हणाल्या,
"आधी आपल्या डोळ्यांवर संशय घे, मग कावळ्यावर."

त्यांचे संशय मला पाठ आहेत.
काळ्या पंखात पांढरं पीस दिसलं, तर म्हणायचं :
पिल्लू असताना उपाशी राहिला, पिसाला रंग पुरला नाही.
तपकिरी दिसला, तर : जुनी पिसं, उन्हानं विटलेली,
महिन्याभरात झडतील.
छाती लाल, तर अर्थात रक्त.
छाती राखाडी...
इथं त्या थांबल्या होत्या,
आणि विरघळलेली साखर पुन्हा ढवळत राहिल्या होत्या.

तर तो.
भिंतीच्या ढासळलेल्या टोकाला, इतरांपासून हातभर दूर.
छाती ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखी,
खडू गेलाय आणि गेला नाहीय.
त्यावर काळे ठिपके, ओळीत नव्हेत,
कुणी शाईचं पेन झटकावं तसे.
मानेवर तांबूस झाक, पण ऊन तिरपं असेल तेव्हाच;
ढग आला की मी खोटी पडते.

पेन्सिल टेकवली. उचलली.
कारण पलीकडे अब्शिर खुरं आणि शिंगं जाळतो,
आणि धूर रोज याच भिंतीकडे वळतो.
गेल्या आठवड्यात असे सात मोजले मी. सात!
आनंदानं रात्री झोप लागली नाही.
सकाळी त्यातले सहा गळक्या नळाखाली जाऊन आले
आणि पांढरेफटक होऊन
माझ्याकडे बघत बसले.

सातवा अंघोळीला जात नाही.
अकरा दिवस. दुर्बिणीचा पट्टा मानेत रुतलाय.

"इफ्राह, तो कुणाचा आहे हे कळून काय करणार?"
"नकाशावर ठिपका देणार."
"आणि ठिपक्याचं?"
मी गप्प.
अब्शिर त्याला तीन वर्षं ओळखतो :
डाव्या पायाचं मागचं नख नाही,
फुप्फुसाला चोच लावत नाही, चरबी तेवढी नेतो,
दुपारच्या अजानआधी टाकीवर जाऊन बसतो,
मागं एकदा जोड्याची वादी पळवली, ती परत आणून टाकली,
"बहुतेक कडू लागली."
एवढं सांगून तो राख उपसू लागला.
माझ्या वहीत यातल्या एकाही गोष्टीला रकाना नाही.

बाराव्या दिवशी टाकीची जोडणी निसटली.
पाण्याची चिळकांडी थेट भिंतीवर.
सगळे उडाले, हा राहिला,
पंख अर्धे उघडून, डोळे मिटून,
जणू इतके दिवस कुणी बोलावलंच नव्हतं.
पाणी काळं वाहिलं.
गेलं, म्हटलं मी. हाही धूरच होता.

मग तो वाळला. त्याला वेळ लागला.
छाती उजळली, आणि उजळता उजळता
मध्येच थांबली.
ठिपके जिथल्या तिथं.
त्यानं आवाज दिला, घशातून, अर्धा घासलेला,
दोन्हींपैकी कुणाचाच नाही असा,
किंवा माझ्याच कानाला आता तसं हवं होतं.
एक स्वच्छ पांढऱ्या छातीची मादी सरकत आली
(मादीच, असं मी धरून चालले, बाई रागावतील)
आणि त्याच्या ओल्या मानेतली पिसं
चोचीनं एकेक करून सोडवू लागली.

तिसऱ्या रकान्यात १ लिहिलं.
पुढं प्रश्नचिन्ह. ते खोडलं.
कागदावर त्याचा खळगा राहिला, तो राहू दिला.

अब्शिरनं चरबीचा गोळा भिरकावला.
भिंतीवरून एकदम चौदा उडाले.
मी मोजले :
काळे पाच, पांढऱ्या छातीचे आठ,
आणि चरबी घेऊन गेला तो.