दवंडी

साहेबांनी दोन पानी कागद दिला.
म्हणाले, कोतवाल, आज दिवेलागणीला गावात सांगायचं,
देशानं शब्द दिलाय.
युद्धोत्तर स्फोटक अवशेष.
चावडीमागे उभा राहून
सात वेळा म्हणून पाहिलं मी.
तुरीच्या टरफलासारखं टाळ्याला चिकटून बसलं.

लढाई कोणती म्हणता, साहेब?
येळाखेडला लढाई कधी आलीच नाही.
तिचं शिळं तेवढं आलं,
ट्रकात, ताडपत्रीखाली, मुदत सरलेलं.
माळावर खड्डे खणून
दुपारी बारा ते दोन
वीस वर्षं फुटत राहिलं.
मांडणीवरचे गडवे सरकत सरकत कडेला यायचे.
म्हशी आधी आटल्या,
मग सवयीनं पान्हावू लागल्या.
शाळेत पोरं पाढ्यात थांबायची,
तेरा साते
(धडाम)
एक्याण्णव.

तीन वाजता पहारा उठला की सगळे माळावर.
चाळण्या, घमेली, पोत्याचे तुकडे.
सुकराबाई कोवे तुकडा दगडावर आपटायची
आणि नुसत्या आवाजावरून भाव सांगायची:
हे पितळ. हे तांबं. हे फेक, लोखंड आहे.
तिच्या घरावरचे पत्रे
त्या आवाजांचेच आहेत.

जे फुटायचं राहिलं
ते मातीत राहिलं.
वखराला लागलं. शेळीच्या खुराला लागलं.
गुलाब ताजणेच्या पोराला लागलं,
त्याचं नाव मी सांगत नाही,
त्याची आई अजून या रस्त्यानं पाण्याला जाते.

तर डफडं घेतलं आणि मारुतीच्या पारापासून सुरुवात केली.
ऐका हो ऐका…
पुढचा शब्द आलाच नाही.
म्हणालो,
माळावर जे उरलं ते सरकार वेचणार हो,
तोवर कोणी हात लावू नका हो,
ज्याला ज्याला लागलं
त्यानं चावडीत नाव लिहा हो.

सुकराबाई ओट्यावरून म्हणाली,
"शब्द देला म्हंते. कोनाले देला?
आमच्याकडं तं कोनी आलंच नाही द्यायले."
मी म्हणालो, आता मीच आलो ना.
"मंग हेही सांग बाप्पा, तांबं बंद झाल्यावर खायचं काय?"
कागद उलटून पाहिला.
मागची बाजू कोरी होती.

चावडीत यादी झाली.
नाव, वय, साल, अवयव.
एकोणीस नावं मी लिहिली, डाव्या हातानं, सावकाश.
विसावं लिहिताना साहेबांनी वर पाहिलं.
पहिल्यांदाच बहुतेक
त्यांनी माझ्या डफड्याची काठी कोणत्या हातात असते ते पाहिलं.
का उचललं, असा रकाना नव्हता.
असता तर लिहिलं असतं:
चमकलं म्हणून.

मग माणसं आली, जाड अंगरखे घालून,
निंदणाऱ्या बायांसारखी उकिडवी, ओळीनं.
वीतभर जमीन ऐकायची,
मग पुढची वीत.
तपासलेल्या वाटेला पांढरे दगड, न तपासलेल्या जागेला लाल झेंड्या.
फाल्गुन लागला
आणि माळावरचा पळस पेटला.
लांबून कळेना झेंडी कोणती, फूल कोणतं.
दोन पोरं फुलं तोडायला थेट आत निघालेली,
मी अशी आरोळी ठोकली की डफड्याची गरज पडली नाही.

साहेब, रंग बदला, म्हटलं.
साहेब म्हणाले, नियमात लालच आहे,
वर लिहून पाठवतो.

उत्तर यायचं आहे.
तोवर सुकराबाईनं
आपलं निळं नायलॉनचं लुगडं पट्ट्यापट्ट्यांनी फाडलं,
आणि त्या अंगरखेवाल्यांच्या मागोमाग,
त्यांच्याच पावलावर पाऊल ठेवत,
एकेका काठीला लाल झेंडीखाली
एकेक निळी गाठ.
शिव्या देत होती.
देशाला, मला, पळसाला.
एकशे बारा काठ्या.
पदर पुरला नाही,
तेव्हा शेवटच्या चारांना
मी डफड्याची दोरी बांधली.