पन्नास हर्ट्झ

प्रणिताच्या खोलीला अर्थिंग नाही.
कोपरखैरणे, सेक्टर पंधरा, माथाडीचं घर,
त्यावर चढवलेला मजला, मजल्यावर पत्रा,
पत्र्याखाली सेकंडहँड लॅपटॉप,
हात लावला की बोटांना मुंग्या येतात.
माइक चालू केला की आधी घरघर येते,
गाणं मागाहून.

ती काढायला तिनं काय काय केलं.
वायर बदलली. फ्रिज बंद ठेवून पाहिला,
दूध नासलं, आई दोन दिवस बोलली नाही.
शेवटी शेजारच्या भजनी मंडळाची पेटी आणली
आणि एकेक पट्टी दाबत घरघर शोधली:
पांढरी पाच, किंचित चढी.
म्हणाली, जात नाही ना? मग हाच सा.

तेव्हापासून तिची प्रत्येक बीट पांढरी पाचवर.
ऐरोलीचा, दिघ्याचा कुठलाही पोरगा
दोन सेकंदांत ओळखतो,
ढेबेचा बेस!
बेस कसला, महावितरण आहे ते.

किक तिला दाणामार्केटात सापडली.
पहाटे चार, ट्रक खाली होत होता,
ती नानांचा विसरलेला डबा घेऊन गेलेली,
डब्याच्या पिशवीत मोबाइल चालू.
पाठीवरून पोतं सुटतं
तेव्हा आधी माणसाचा श्वास सुटतो,
मग धप्प.
श्वास तिनं कापला नाही.
हूक तागात घुसतानाची खरखर उलटी फिरवली,
ती झाली हाय-हॅट.
काट्यावर आपटलेलं लोखंड म्हणजे स्नेअर.
आणि सगळ्याच्या आधी, कोऱ्या शांततेत,
एक पुरुषी आवाज: सोड!
तीच तिची सही.

स्नेअर उशिरा येतो.
फार नाही, वीस मिलिसेकंद,
पण मी शब्दवाला, माझी जीभ तेवढ्यात ठेचकाळते.
मी म्हणालो, ग्रिडवर घे की. सगळे घेतात.
ती म्हणाली, ओझं घेतलेला माणूस
पहिलं पाऊल टाकायच्या आधी थांबतो,
बघितलंयस कधी?

नव्हतं बघितलं.
माझे पप्पा सिडकोत, बेलापूरला, फायलींवर.

मग वाशीचा स्टुडिओ. एसी, काळा फोम,
भिंतीएवढे स्पीकर आणि फार सभ्य माणूस.
त्यानं आमचा ट्रॅक फुकटात साफ केला.
घरघर गेली. श्वास गेला.
स्नेअर ओळीत उभा राहिला, शाळेच्या प्रार्थनेला राहावा तसा.
मला, खरं सांगतो, आवडला.
माझा प्रत्येक शब्द ऐकू येत होता.
प्रणितानं थँक्यू म्हटलं, चहा संपवला,
आणि जिना उतरताना एवढंच बोलली,
धुतलेला बटाटा टिकत नाही.

रविवारी नाना घरी होते.
गुडघ्याला तेल चोळत खाटेवर बसलेले.
तिनं हेडफोनचा एकच कान त्यांच्या कानाला लावला,
तेलकट हातांनी त्यांनी तो धरला नाही,
मान तिरकी करून ऐकत राहिले.
मी त्यांच्या अंगठ्याकडे बघत होतो.
हलला नाही.

सोड, धप्प. सोड, धप्प.

तांदूळ आहे हा, ते म्हणाले.
कांदा असा पडत नाही. कांदा पसरतो.
पुन्हा ऐकलं.
दुसरा गडी बरोबर थांबतोय,
पण हा ओरडतोय कोण?
नवीन दिसतोय.
एवढ्या मोठ्यानं सोड म्हणायचं नसतं,
मागचा दचकतो.

प्रणितानं माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याकडे.
आवाज कुणाचा, ते तिनं सांगितलं नाही.
रात्री फाइल उघडली,
घरघर तशीच, श्वास तसाच,
फक्त ते सोड
दोन डेसिबल खाली घेतलं.