बूट झटकून जा

तू गॉल्वेहून बोटीनं आलास,
पिशवीत लोखंडी नळी, डब्या, चिठ्ठ्या.
नळी खुपसलीस.
वीतभर गेली आणि ठण्ण वाजली.
‘उथळ आहे,’ म्हणालास, वहीत आकडा मांडलास.

बरोबर आहे. खाली खडकच आहे.
देव माती वाटत होता तेव्हा
इनिश मानची माणसं
मासे धरायला गेली असणार.

ही वीत माझ्या बापाची, बार्टलाची.
आधी भेगा बुजवायच्या बारीक दगडांनी,
नाहीतर केलेलं सगळं खडक रात्रीत गिळतो.
मग वाळू. मग वादळानं किनाऱ्यावर फेकलेलं शेवाळ,
चाबकासारखं लांब, उग्र वासाचं,
पाठीवरच्या टोपलीतून ठिबकत.
बापाच्या कोटाची पाठ कधी वाळलेली पाहिली नाही मी.
पुन्हा वाळू. पुन्हा शेवाळ.
आणि कपारीतून चमच्यानं खरवडलेली खरी माती.
चमच्यानं, हो.
चमचा आईच्या माहेरचा होता,
दोघं दोन दिवस बोलत नव्हते.

पहिल्या वर्षी बटाटे आले गोट्यांएवढे.
चौथ्या वर्षी एक गांडूळ सापडलं.
बापानं हाक मारून सगळ्यांना बोलावलं,
आम्ही पाच जण ओणवे,
पाळण्यात डोकावावं तसे.

कुठल्याशा भाषेत म्हणे
स्वस्त वस्तूला मातीमोल म्हणतात.
त्या लोकांना पायाखाली
आयती मिळाली असणार.

मी अकरा वर्षांची असताना
समुद्र भिंत ओलांडून आला.
सकाळी शेत नव्हतं. धुतलेल्या ताटासारखा खडक.
बाप भिंतीवर बसून राहिला, पाइप न पेटवता.

मग माणसं येऊ लागली.
कुणी बादली, कुणी घमेलं,
एका म्हातारीनं तर परकराच्या ओच्यात आणली.
आपापल्या वितेतून चार-चार बोटं.
कुणी काही बोललं नाही,
बोलण्यासारखं होतं काय?

फेहीन मात्र आला नाही.
भिंतीच्या एका दगडावरून आमचं त्याचं
माझ्या जन्माआधीपासून वैर.
तिसऱ्या रात्री फाटकाशी एक भरलेली बादली.
कडीच्या जागी दोरखंड बांधलेला.
बेटावर तशी बादली एकाचीच.

माती ओतून घेतली. बादली धुऊन
बापानं रात्रीच परत नेऊन ठेवली.
वैर चालूच राहिलं, दोघं मरेपर्यंत.
पण त्या कोपऱ्यातले बटाटे
आईनं कधी विकले नाहीत.

आता फेहीनचं शेत नेटलांनी भरलंय,
नातवंडं बॉस्टनला.
मी दर मार्चमध्ये त्यात एक टोपली शेवाळ टाकते.
का, ते विचारू नकोस.
तुझ्या वहीत त्याला रकाना नसेल.

डबी घेऊन जा, हरकत नाही.
त्यात काय आहे ते कळवलंस तर बरंच,
मलाही अर्धंच ठाऊक आहे.
फक्त बोट सुटायच्या आधी
इकडे ये, इथं, भिंतीच्या आत,
आणि बूट झटकून जा.
दोन्ही.
टाचेखालचंही.