ऐतिहासिक स्थळे, असल्यास

तालुक्याहून फॉर्म आलाय. रकाना अकरा :
ऐतिहासिक स्थळे, असल्यास.
पुढं दीड ओळीची जागा.
ग्रामसेवक म्हणाले, तुम्ही वाचनालयात बसता,
तुम्हीच भरा.

तर मौजे सावरखळी.
वेशीची एकच बाजू उभी आहे,
दुसरी उसाच्या ट्रकनं नेली, चौऱ्याऐंशीत.
तरी वरात अजून तिथूनच जाते
आणि नवरदेव घोड्यावर
नसलेल्या कमानीखाली मान वाकवतो.

बारव. पायऱ्या किती, यावर गावाचं एकमत नाही.
मोजणारा जितका म्हातारा तितक्या जास्त.
बहात्तरच्या दुष्काळात सोजरबाईनं छप्पन्न मोजल्या,
चढताना, डोक्यावर घागर असताना,
म्हणजे खऱ्याच असणार.
मला अठरा दिसतात. त्याखाली शेवाळ,
एक चप्पल, गेल्या साली सोडलेला गणपतीचा पाट.

शाळेमागं गाढवाचा दगड.
वर चंद्र-सूर्य. खाली जे कोरलंय
ते पोरींच्या नजरेला पडू नये म्हणून
हेडमास्तरांनी दगड निम्मा पुरून घेतला.
विद्यापीठातून एक बाई आल्या,
माती उकरली, गुडघे टेकले, अक्षरांत पीठ भरून वाचू लागल्या :
हे दान जो कोणी मोडील, तेहाचिये...
आणि थांबल्या.
पुढची शिवी आमच्या बारक्या पोरांनी पुरी केली.
दान कधीच मोडलं.
शिवी तेवढी चालू आहे.

करोडगिरीचा नाका.
गुळाच्या ढेपीला, लुगड्याला, तांब्याच्या हंड्याला
इथं पट्टी बसायची.
अलीकडं हाली रुपया, पलीकडं कलदार,
मधे ओढा, उन्हाळ्यात शेळीही उडी मारून जाईल असा.
माझ्या आजीचं माहेर परमुलखात होतं,
पाऊण मैलावर.
आता त्या खोलीत अंगणवाडी भरते.
उर्दू आकडे चुन्याखाली गेले.
पावसाळ्यात पोपडा सुटला की सात उमटतो,
मुलं म्हणतात, पाखरू.

एवढ्यात दीड ओळ कधीच संपली.

पेवाचं राहिलं.
मन्मथप्पा कोऱ्यांच्या गोठ्यापाशी,
मोबाइलचा टॉवर आहे तिथं,
पांढरीत दोन पुरुष खोल.
ज्वारी काढायला उतरायच्या आधी
दोरीनं कंदील सोडायचा.
कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही.

त्या साली पेवात ज्वारी नव्हती.
चैत्रात रझाकारांची लॉरी नाक्यावर थांबली
तेव्हा नागनाथ सुतार आत बसला, तीन रात्री.
वर फरशीवर हुसेनबी तांबोळीण,
पानाची टोपली मांडून, सुपारी कातरत,
विचारणाराला पान लावून देत.
कोण सुतार? तो तर गेला की बार्शीकडं.

मग भादव्यात फौज आली. नाका उठला.
दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी घेऊन माणसं आली,
ओळखीची, काही तर सोयरीकीतली.
हुसेनबी आणि तिची दोन पोरं पेवात.
वर फरशीवर नागनाथ,
गाडीचं चाक तासत बसलेला,
ज्या चाकात तासण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोन्ही वेळा आधी कंदील सोडला होता.
दोन्ही वेळा सोजरबाईनं, तेव्हा नऊ वर्षांची.
विचारलं की म्हणायची,
त्यो इतिहास-बितिहास तुमाला ठावं.
खाली हवा व्हती, येवढं म्या सांगते.

रकान्यात वेस लिहिली, बारव लिहिली.
दगडापुढं नुसतं ‘प्राचीन’.
पेव मावलं नाही.

टॉवरवाल्यांनी खड्डा बुजवला तेव्हा
अंदाजापेक्षा चार ट्रॉल्या मुरूम जास्त गेला.
ठेकेदाराच्या पावतीवर कारण आहे :
जमीन आतून पोकळ.
फॉर्मला ती पावती जोडली आहे.