पाटी

सहा बाय चारचा पत्रा. पांढऱ्यावर हिरवं इनॅमल.
मजकूर ऐंशी शब्दांच्या आत.
"फ्लेक्स नको," मॅनेजर म्हणाला,
"हातानं रंगवलेलं जुनं वाटतं."
तीन वर्षं कोलबाडात डबे सुकत पडले होते,
झाकणं पेचकसनं उचकटली
आणि येऊरचा चढ चढलो, ब्रश पायजम्याच्या खिशात.

इतिहास त्याच्या मोबाइलमध्ये होता:
'निसर्गरम्य तळ्याकाठी आपले स्वागत आहे.
हेवन लेक ही जागा वकील तळपदे यांनी
हवापालटासाठी शोधून काढली.'
पुढं बोटिंगची वेळ, पोहायला मनाई.

चुन्याच्या दोरीनं ओळी आखत होतो
तेव्हा बुधी चादरी वाळत घालायला आली.
एकशे दहा चादरी, शनिवारची गर्दी उतरलेली.
"हेवन म्हंजे काय?"
स्वर्ग, म्हटलं.
ती हसली. "हेला मेला हितं."

मग चादरी घालता घालता, मधेच चिमटे दातात धरून,
तिनं सांगितलं ते असं:
कोळशाच्या ठेकेदारानं जव्हारकडनं तीन घरं आणली.
ऐन तोडला, धावडा तोडला, भट्ट्या लावल्या.
लाकूड संपलं तसा ठेकेदार उतरून गेला,
मजुरी द्यायला परत येतो म्हणाला.
ती तीन घरं वाट बघत राहिली आणि
वाट बघता बघता नाचणी पेरली.
होळीनंतर ओहोळ आटायचा.
तिचा आजा, जान्या, रोज एक दगड आडवा टाकायचा.
लोक म्हणायचे, खुळा.
चौथ्या उन्हाळ्यात बायका माती तुडवायला आल्या,
हेल्याला बांधावर फिरवला, गोल गोल,
तो रुतला तो रुतलाच.
काढता आला नाही, म्हणून त्याच्यावरच माती ओढली.
त्या साली वैशाखातसुद्धा पाणी होतं.
साल कोणतं? "धान कुजला, त्याच्या दुसऱ्या वर्षी."

वकील आला तो गिरगावातून, बायकोच्या दम्यासाठी.
डोलीतून वर आणली तिला.
डोलीला खांदा जान्याच्या दोन पोरांचा.
बाई चांगली होती म्हणे, खडीसाखर द्यायची.
तळ्यावरचा वारा लागून तिचा श्वास मोकळा झाला
आणि ही बातमी गिरगावभर झाली.
एक बंगला, मग चार, वेताच्या खुर्च्या, एक होडी,
मग म्हशींना मज्जाव, मग धुण्याला,
मग तारेचं कुंपण, मग भिंत, मग भिंतीवर काचा.
पाडा दरवेळी पाच-दहा पावलं मागं सरकला.
आता पाड्यात टँकर येतो.

बुधीनं शेवटची चादर झटकली. माझ्या पत्र्याकडं पाहिलं.
"अक्षराचा काय घेतोस?"
पंधरा रुपये.
"माझ्या आज्याचा नाव घालायला किती पडंल?"
जा. न्या. तीस, म्हटलं. सवयीनं.
तिनं पदराची गाठ सोडली,
तीन नोटा मोजून इनॅमलच्या डब्यापाशी ठेवल्या,
वर एक खडा, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून,
आणि टोपली उचलून गेली.

आता पैसे घेतलेले.
दुपारभर मी हिरव्या रंगात टर्पेंटाइन ढवळत बसलो.
पाटीत जागा नव्हती, ऐंशीचे ऐंशी भरले होते.
काढायचंच तर 'निसर्गरम्य' काढता येईल,
पाच अक्षरं, त्यात रफार, फार वेळखाऊ शब्द.

शिरोरेषा मी नेहमी शेवटी मारतो.
तोवर अक्षरं सुटी असतात, अजून कुणाचीच नसतात.
संध्याकाळी एका दमात मारली, हात न उचलता:
'जान्याच्या तळ्याकाठी आपले स्वागत आहे.'
'च्या'चे पैसे मी लावले नाहीत.

मॅनेजरनं पाटी पाहिली, म्हणजे रंग पाहिला.
"मस्त, विंटेज," म्हणाला आणि जीपे केलं.

मागच्या रविवारी भाच्याला घेऊन गेलो होतो.
एक जोडपं पाटीपुढं फोटो काढत होतं.
"हा जान्या कोण?" तिनं वेटरला विचारलं.
तो पोऱ्या नवा, बिहारकडचा असावा.
"बोटवाला होगा," म्हणाला,
आणि बांधावरून, हेल्यावरून,
चहाचा ट्रे घेऊन पलीकडं गेला.