चौथा प्लग

आमच्या गाडीचं इंजिन सीटखाली असतं.
म्हणजे मी रोज त्याच्यावरच बसून
एमआयडीसीतनं टॉवेलचे गठ्ठे उचलतो,
आणि बसणाऱ्याला आपल्या खाली काय चाललंय
ते सगळ्यात शेवटी कळतं.

आठवडाभर ती चढाला ठेचकाळत होती.
सोलापुरात चढ आहेच कुठं? एखाददुसरा पुलाचा.
नेमकी तिथंच, मागं बसवाले हॉर्न मारत असताना,
तीन पायांवर चालल्यासारखी लंगडायची.
इस्माईलभाई म्हणाले, चारी प्लग बदल.
मंगळवारनंतर ये. आणि चौथ्याचे पैसे वेगळे.
वेगळे का ओ?
म्हणाले, हात घालून बघ, कळंल.

रविवारी घरकुलात दारापुढं सीट काढून ठेवली.
शेजारचा रघुपती तिच्यावर सायबासारखा बसला
मोबाईलची बॅटरी धरून.
इंजिन रात्रीपासून गार होत ठेवलेलं.
एप्रिलात इथं गार म्हणजे
हात ठेवला तर लगेच उचलावा लागत नाही, एवढंच.

पहिला निघाला. दुसरा काजळी खाऊन बसलेला, तोही निघाला.
तिसऱ्यानं एक शिवी घेतली.
चौथा
पाइपाच्या मागं, ब्रॅकेटच्या बगलेत,
अंधाऱ्या आडाच्या तळाशी.
बॅटरी मारली तर नुसतं पांढरं दिसलं.
रुई. टॉवेलांची.
चार वर्षं वाहिलेला माल
थोडा थोडा खाली झिरपून तिथं साठला होता.
सायकलच्या पंपानं फुंकली तेव्हा
रघुपतीच्या भुवया म्हाताऱ्या झाल्या.

लांब दांडी घातली, अडली.
आखूड घातली, पोचेना.
शेवटी एकेक तुकडा आत सोडून आतच जोडत गेलो,
आणि जोर दिला तेव्हा जो कर्र आवाज आला
तो माझ्या दाढेतनं आला असं वाटलं.
निघाला. तुटला नाही.
पण नवा घालायचा कसा?
खाली ॲल्युमिनियम. आटे एकदा चुकले
की तीन महिन्यांचं भाडं गेलं.
माझा पंजा अंगठ्याच्या बुडाशी अडायचा.
"हात जाईना बे," रघुपती म्हणाला,
जणू हात त्याचाच होता.

भूदेवी उंबऱ्यात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती.
"आगु," म्हणाली. सूप बाजूला ठेवलं.
नव्या प्लगच्या शेंड्याला मी रबरी नळीचा तुकडा लावून दिला.
तिचा हात कोपरापर्यंत आत गेला,
बांगडी एकदा खणकली, मग तीही गप्प.
डोळे समोर, दोरीवरच्या कपड्यांकडं.
विड्या वळतानाही ती खाली बघत नाही.

"आधी उलटं फिरवते."
कुणी सांगितलं तुला?
"चटणीच्या बरणीचं झाकण असंच बसतं.
उलटं, उलटं, टक् झालं की मग सुलटं."
टक् मला ऐकू आलं नाही.
तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दांडीही तिच्याच हातात दिली.
"किती आवळू?"
पुस्तकात त्याचा आकडा असतो.
तो मोजणारा पाना माझ्याकडं नाही.
"विडीच्या दोऱ्याएवढं," म्हणालो.
ढिला राहिला तर चेकर छाट काढतो,
जास्त ओढला तर पान फाटतं.
अठ्ठावीस वर्षं ती हे रोज हजारदा करते,
पण किती, असं तिला कुणी विचारलेलं नव्हतं
आणि आत्ताही तिनं सांगितलं नाही. आवळलं.

चावी फिरवली. चारी एका सुरात.
रघुपती आईला सांगायला पळाला, की त्यानं दुरुस्त केली.

भूदेवीनं हात सोड्यानं धुतला, मग लिंबानं, मग मातीनं.
पेट्रोलचा वास नखांत राहिलाच.
सुपातल्या तंबाखूला तो लागला
तर उद्या कारखान्यात काय सांगायचं?
म्हणून संध्याकाळी पानं कापायला मी बसलो,
पत्र्याचं माप ठेवून, कात्रीच्या कडीत
अंगठा कसाबसा कोंबून.
दहा कापली.
तिनं बघितली, काही बोलली नाही.
सहा उचलून बाजूला ठेवली.