काळं लोखंड

रात्रपाळीला निघताना बातम्यांत बाई सांगत होती:
डोंगरात जोरदार बर्फ, मैदानात थंडीची लाट,
गरज नसेल तर घराबाहेर पडू नका.
नकाशाचा वरचा सगळा भाग निळा.
त्या निळ्यात एक ठिपका, केलाँग.
बाईनं त्याचं नाव घेतलं नाही.
मीच घेतलं.

मग मफलर गुंडाळला, सायकल काढली.
पुलावर पंचगंगेची वाफ अंगावर आली.
आपल्याकडं बारा अंश.
सांगली फाट्याला टायर जाळून शेकणारी पोरं म्हणाली,
काका, काय कडाक्याची पडलीया!
मी म्हटलं, व्हय.
खिशातला उणे एकवीस खिशातच ठेवला.

शिरोलीत आमच्या भट्टीत लोखंड चौदाशेच्या वर तापतं.
छातीपुढं वैशाख, पाठीला पौष.
इलाही लॅडल कलंडवतो, मी साच्याचं तोंड बघतो.
काळ्या वाळूत लाल धार उतरते
आणि आत, दिसत नाही तिथं,
आकार धरते.
एकतीस वर्षं झाली, अजून मी तिथं श्वास धरतो.

गेल्या साली एक ऑर्डर आली होती, चाळीस नग,
जाड, बेढब, बेअरिंग बसवायची घरं.
साहेब म्हणाले, बर्फ उपसायच्या मशिनीला लागतात म्हणे.
म्हणे. खरंखोटं कोण बघायला गेलंय?
मी एकेका नगावर खडूनं बारीक 'सं' काढला.
पुढं रंगाखाली गेला असणार.

संयोगिता तिकडं रस्त्यावर असते,
म्हणजे रस्ता मोकळा ठेवायच्या कामावर.
आदल्या दिवशी मोकळा केलेला
रात्रीत पुन्हा बुजतो.
दिवाळीला आली तेव्हा हिनं
दोन किलो कांदा-लसूण चटणी बांधून दिली.
परवा फोनवर हसत होती:
बाबा, तेल थिजलंय, चटणी पहारीनं खणून काढतोय आम्ही.
मग आवाज तुटला. खरखर.
मग, डिझेलसुद्धा... मग नुसताच वारा.
एक वाक्य तेवढं अख्खं आलं:
लोखंडाला उघडा हात लावायचा नाही इथं,
कातडं चिकटून निघतं.

आठ वर्षांची होती. माझा डबा घेऊन कारखान्यात यायची.
कास्टिंगच्या ढिगाकडं हात नेला तिनं,
तेव्हा मी केवढ्यानं ओरडलो होतो.
लाल असतंय ते गरम, हे शेंबड्या पोरालाबी कळतं.
काळ्याला भ्यायचं, बाई.
काळं झालं म्हणजे निवलं, असं नसतंय.
तरी लावलीच करंगळी.
डाग आहे अजून, तांदळाएवढा.

आणि आता तीच मला शिकवत होती,
माझंच लोखंड, दुसऱ्या टोकाकडून.

तीन दिवस झाले. फोन लागत नाही.
ती नेहमी सांगते, बर्फात टॉवर आधी जातो, माणसं नाही जात.
हे वाक्य मी वाळू चाळतानाही म्हणतो, मनातल्या मनात,
घाम पुसतानाही.
आज साचा फोडायला मी लवकर गेलो
तर इलाहीनं माझा हात धरला.
थांबा की उस्ताद. गरम फोडला तर तडा जातोय,
तुम्हीच सांगता.
मी सांगतो खरं.
बाजूच्या खोक्यावर बसून राहिलो,
वाळूच्या आत काय चाललंय ते ऐकत.
ऐकू काही येत नाही.

पहाटे सुटी झाली. दुधाच्या गाड्या सुटलेल्या,
धुक्यात त्यांचे नुसते दिवे.
सायकलचं हँडल गार पडलं होतं.
हातमोजा काढला, उघडा तळवा त्यावर ठेवला,
सोसेल तेवढा वेळ.
बारा अंशाला काय सोसायचं असतं?
चिकटलं तर नाहीच. निघाला हात.

घराच्या कोपऱ्यापासूनच खाट आला, नाक झोंबलं.
ही इतक्या पहाटे मिरच्या भाजत बसलेली,
डोळे लाल. धुरानंच असतील.
आला?
न्हाई.
तवा हलवत राहिली.
मग माझ्याकडं न बघता म्हणाली,
ह्या खेपेला तेल घालतच नाही.